पश्चिम घाटाचा मसुदा आणि आपलं फार्महाऊस

बेळगावातल्या बऱ्याच जणांची शनिवार-रविवारची घरं जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या वाटेवर आहेत, निपाणीकरांची आजरा-आंबोलीकडे. 31 जुलै 2024 ला केंद्राने पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला आणि ही मंडळी धास्तावली. विरोध जरूर करावा. पण चालला आहे तो भलत्याच मुद्द्यांवर.

'घर पाडतील, विकताही येणार नाही.'
मसुद्यात असं काही नाही. असलेल्या घराची डागडुजी, वाढ, नूतनीकरण चालू नियमांनुसार करता येईल आणि मालकी बदलायलाही आडकाठी नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प, प्रदूषणाच्या 'लाल' वर्गातले नवे उद्योग आणि 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर. दोन खोल्या आणि पडवी असलेल्या घराला हा आकडा शिवतही नाही.

'शेतातलं घर यामुळेच बेकायदा ठरेल.'
ते बेकायदा असेल तर आधीपासूनच आहे. कर्नाटक जमीन महसूल कायदा, 1964 च्या कलम 95 प्रमाणे शेतघराला धारण जमिनीच्या दहा टक्क्यांपर्यंतच मुभा. पुढे बिगरशेती (एनए) परवानगी लागते. 2020 मध्ये कर्नाटकाने बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन घेण्याची वाट मोकळी केली, पण खरेदी झाली म्हणजे बंगल्याची परवानगी मिळाली असं नव्हे. मसुद्याच्या नावाने ओरडणाऱ्यांपैकी किती जणांकडे एनएचा कागद आहे, हे विचारलेलं बरं.

'अभयारण्याचा पट्टा आणि हे एकच.'
भीमगड अभयारण्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन ही निराळी भानगड. अशा झोनमध्ये नव्या व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्टवर निर्बंध असतात. बंगला पर्यटकांना भाड्याने देण्याचा बेत असेल, तर आधी तिथली अधिसूचना वाचा.

'राज्याने फेटाळलं, विषय संपला.'
26 सप्टेंबर 2024 ला कर्नाटक मंत्रिमंडळाने या मसुद्यामागचा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल नाकारला, हे खरं. पण अधिसूचना निघते पर्यावरण संरक्षण कायदा, 1986 खाली, केंद्राकडून. राज्याच्या नकारानंतरही 2014 पासून एकामागून एक मसुदे येतच राहिले.

मग हरकत घ्यायची कशावर? माझ्या मते ती गावाच्या मोजमापावर. कस्तुरीरंगन समितीने उपग्रहचित्रांवरून ज्या गावाचा 20 टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील दिसला, ते आख्खं गाव यादीत घातलं. त्यामुळे गावठाणातलं घर, भाताचं खाचर आणि डोंगरावरचं दाट जंगल एकाच मापात बसलं. बेळगाव जिल्ह्यात हा फटका मुख्यतः खानापूर तालुक्याला, आणि तोही आधी तिथे बारमाही राहणाऱ्यांना. त्यात राजपत्र हिंदी-इंग्रजीत, हरकतींना मुदत होती 60 दिवसांची. 'आमचा विरोध आहे' अशा छापील अर्जांचा गठ्ठा पाठवून काही होत नाही. सर्व्हे नंबर, उतारा, जागेचा नकाशा आणि तिथे जंगल नसून वहिवाटीची शेती किंवा गावठाण आहे याचा पुरावा जोडला, तर निदान उत्तर तरी मागता येतं. गावकऱ्यांच्या आणि बंगलेवाल्यांच्या हरकती ग्रामसभेच्या ठरावासह एकत्र गेल्या, तर वजन आणखी वाढेल.