घाटवाटेवरचं इंजिन, भाग ९ : गाडी पाणी फेकते, पण दाब येतो कुठून?

मागच्या भागात थर्मोस्टॅट काढून फेकण्याच्या सवयीबद्दल लिहिलं. त्यानंतर गाडीवाल्यांनी सगळ्यात जास्त विचारलं ते एकाच तक्रारीबद्दल, "गाडी पाणी फेकते." महाडच्या खाडीपट्ट्यात, तुडीलच्या आसपास, ही तक्रार नेहमीची आहे आणि तिला कारणही आहे. म्हाप्रळ-पंढरपूर रस्ता खाडीकाठाने सपाट येतो, महाड ओलांडतो आणि वरंधा घाटाला लागतो. पोलादपूरकडे वळलात तर पुढे आंबेनळी आहे. कशेडीला बोगदा झाला म्हणून पुष्कळ गाड्यांची ती एक चढण वाचली, पण बाकीचे घाट जसेच्या तसे आहेत. खाली दमट उकाडा, वर सलग चढण आणि मागे भरलेला माल. इंजिनाच्या थंडाव्यात कुठे काही कमी असेल तर ते इथे उघडं पडतंच.

तक्रार एक असली तरी तिच्यामागे दोन अगदी उलटे दोष असू शकतात. एकात दाब टिकत नाही, म्हणून पाणी लवकर उकळतं आणि बाहेर येतं. दुसऱ्यात दाब नको तिथून शिरतो आणि पाण्याला ढकलून बाहेर काढतो. कूलंटच्या डब्याखालचा ओघळ दोन्हीत सारखाच दिसतो. म्हणून गॅरेजात बहुतेक वेळा दोन्हींना एकच उत्तर मिळतं : हेड उतरवावं लागेल. हेड उतरवणं म्हणजे गाडी आठवडाभर उभी, गॅस्केट, फेसिंग, मजुरी आणि हप्ता चालूच. माझं ठाम म्हणणं आहे की दाब कुठून येतो आणि कधी येतो हे पाहिल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावू देऊ नका.

आधी दाब टिकत नसेल तेव्हाचं पाहू.

रेडिएटरमध्ये दाब मुद्दाम राखलेला असतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, पण त्यावर एक बारचा दाब ठेवला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर ही मर्यादा आणखी वर, १२९ अंशांच्या घरात जाते. हा सगळा भार एका कॅपच्या स्प्रिंगवर असतो. कॅपवर आकडा छापलेला असतो, कुठे ०.९, कुठे १.१, जुन्या गाड्यांना त्याहून कमी. तो आकडा म्हणजे किती दाबाला कॅप उघडणार त्याची बोली आहे. दुकानात "बसते ना, मग चालते" म्हणून दुसऱ्या आकड्याची कॅप घेणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका.

आता ही कॅप सैल झाली, तिचं रबर कडक होऊन चिरलं, तर घाटात काय होतं ते बघा. आंबेनळी चढून पोचतो ते महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटरवर आहे. त्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. डिझेल इंजिन भरल्या मालाने चढताना त्याचं पाणी ९० ते ९५ अंशांवर असणं यात काहीच गैर नाही. म्हणजे कॅप गेलेली गाडी पोलादपूरहून निघते, आंबेनळीच्या वरच्या वळणांवर पोचते आणि काटा लाल रेषेच्या बराच अलीकडे असतानाच पाणी उकळून डब्यातून बाहेर पडतं. ड्रायव्हर सांगतो, "काटा तर बरोबर होता, तरी पाणी फेकलं." ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही, पण तो अगदी खरं बोलत असतो. अशा गाडीला आधी योग्य आकड्याची नवी कॅप लावा. हेडच्या खर्चापुढे तिची किंमत काहीच नाही.

कॅपमध्ये एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन थंड होताना पाणी आकसतं, तेव्हा तो डब्यातलं पाणी किंवा हवा आत घेतो. तो अडकला की सकाळी रेडिएटरचा होज पाईप चपटा झालेला दिसतो. पाईप बदलू नका, कॅप बदला.

कॅप चांगली असूनही दाब उतरत असेल तर गळती शोधायची. त्यासाठी हातपंप मिळतो. कॅपच्या जागी तो बसवायचा, थंड इंजिनात कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काट्याकडे पाहायचं. आकड्यापेक्षा जास्त भरलात तर चांगल्या रेडिएटरचा जोड सुटेल. काटा उतरला आणि बाहेर कुठे थेंब दिसला, तर काम सोपं आहे. वॉटर बॉडीच्या खालचं छोटं भोक, क्लिपांखालची जागा, रेडिएटरच्या जाळीचे कोपरे, इथे हिरवट किंवा पांढरा सुकलेला डाग मिळतो. काटा उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर पाणी आत जातंय. मग ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर ऑइल कूलर किंवा ओल्या लायनरच्या खालच्या रिंगा संशयाखाली येतात. ऑइल कूलर फुटला असेल तर आणखी एक खूण मिळते. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ऑइल पाण्यात जातं आणि डब्यात काळसर तवंग येतो.

आता दुसरा, जास्त फसवा प्रकार. दाब बाहेरून शिरतोय.

याची पहिली तपासणी फुकट आहे आणि ती भल्या सकाळी करायची. रात्रभर उभी राहिलेली गाडी पूर्ण थंड झालेली असते. पाणी आकसलेलं असतं, म्हणून आत दाब उरलेला नसावा. वरचा जाड होज पाईप हातात धरून दाबा. तो मऊ लागला पाहिजे. तो तटतटीत लागला किंवा कॅप सैल करताच हवा सुटली, तर आदल्या दिवशी कुठून तरी वायू आत भरला गेला आणि तो रात्रभर तिथेच राहिला. मग गाडी चालू करा आणि पाईपवर हात ठेवा. पाणी तापून फुगायला काही मिनिटं लागतात. पण इंजिन अजून गार असताना एक-दोन मिनिटांतच पाईप कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. ही तपासणी गरम इंजिनावर कधीही करू नका. गरम कॅप उघडली की दाब एकदम जातो, आतलं सगळं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं.

हा वायू कुठला? गॅरेजचं उत्तर ठरलेलं असतं, "हेड पॅकिंग गेलं." ते खरंही असू शकतं. डिझेलच्या सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी १०० बारहून जास्त दाब असतो आणि कॅप धरते जेमतेम एक बार. गॅस्केटमध्ये केसाएवढी वाट मिळाली तरी पुरते. पण ट्रकमध्ये दुसरा एक माणूस हळूच सुटून जातो, तो म्हणजे ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. पुष्कळ गाड्यांत त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं. त्याचं गॅस्केट गेलं किंवा हेडला तडा गेला की सात-आठ बारची हवा सरळ कूलंटमध्ये शिरते. बुडबुडे तसेच, कडक पाईप तसाच, फेकलेलं पाणीही तसंच. मग इंजिनाचं हेड उतरतं, फेसिंग होतं, नवं गॅस्केट बसतं आणि पहिल्या घाटात गाडी पुन्हा पाणी फेकते. मालकाला सांगितलं जातं की ब्लॉकच वाकडा आहे. हे ऐकून ज्यांनी आणखी कर्ज काढलं त्यांच्यासाठी मला हा भाग लिहायचा होता.

हे दोन वेगळे करणं अवघड नाही. थंड गाडीत कूलंट तोंडापर्यंत भरा, कॅप उघडी ठेवा. हवेच्या टाक्यांखालचे ड्रेन उघडून हवा पूर्ण काढा आणि बंद करा. इंजिन चालू करून आयडलवर ठेवा. आता कॉम्प्रेसर टाक्या भरतोय, म्हणजे तो पूर्ण जोर लावतोय. पाण्याकडे बघत राहा. हवेचा काटा चढत जातो, सात-आठ बारला पोचतो आणि व्हॉल्व्ह फुस्स करून सुटतो. त्या क्षणापासून कॉम्प्रेसर मोकळा फिरतो. बुडबुडे तिथेच थांबले किंवा एकदम कमी झाले, तर दोष कॉम्प्रेसरचा. खात्रीसाठी ब्रेक चार-सहा वेळा दाबून हवा उतरवा. कॉम्प्रेसर पुन्हा जोर धरेल आणि बुडबुडे पुन्हा सुरू होतील. हवा भरली काय, नाही भरली काय, बुडबुडे एकसारखे येत राहिले, तर मात्र वायू इंजिनातून येतोय.

आणखी एक साक्षीदार हवेच्या टाकीत असतो. कोकणातली हवा दमट, त्यामुळे ड्रेन उघडल्यावर थोडं पाणी निघणारच. ते रंगहीन असेल तर ते हवेतलं आहे. हिरवट किंवा गुलाबी आणि बोटाला बुळबुळीत लागलं, तर ते कूलंट आहे. इंजिन बंद झाल्यावर ते त्याच तड्यातून कॉम्प्रेसरमध्ये उतरलं आणि पुढच्या वेळी टाकीत ढकललं गेलं. हा प्रश्न इंजिनापुरता राहत नाही. ते ब्रेकच्या हवेत गेलेलं पाणी आहे. अशी गाडी घाटात नेऊ नका.

बीएस-६ गाड्यांत, आणि त्याआधीच्याही काही गाड्यांत, तिसरा संशयित असतो तो ईजीआर कूलर. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर त्यात पाण्याने थंड होऊन पुन्हा इंजिनात येतो. तो आतून फुटला तर धूर पाण्यात किंवा पाणी धुरात जातं. डबा भरत राहावा लागतो, बाहेर गळती नाही, ऑइल स्वच्छ आणि सायलेन्सरमधून पांढरी गोडसर वाफ, अशा गाडीत हेडआधी तो सोडवून दाबाखाली तपासून घ्या.

निळ्या द्रवाची चाचणी करणारेही आहेत. डब्यातली हवा त्या द्रवातून ओढली आणि तिच्यात धुरातला कार्बन डायऑक्साइड असला की रंग पिवळा होतो. चाचणी चांगली आहे, पण डिझेल आयडलवर हवा फार घेतं आणि धुरात तो वायू कमी असतो. म्हणून निळाच रंग राहिला तरी निर्धास्त होऊ नका. गाडीवर भार देऊन पुन्हा करा. कॉम्प्रेसरच्या नुसत्या हवेने मात्र रंग बदलणार नाही. पाण्यात बुडबुडे आहेत आणि भार देऊनही द्रव निळाच, तर नजर पुन्हा कॉम्प्रेसरकडे वळवा.

जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करून कोणत्या सिलिंडरला बुडबुडे कमी होतात ते बघतात. कॉमन रेल गाडीवर हा प्रकार करू नका. तिथे डिझेल हजार बारहून जास्त दाबाने असतं आणि कातडी फोडून आत शिरतं.

राहिला प्रश्न हे दोष इतके का होतात त्याचा. खाडीलगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि रस्त्याकडेला गाडी तापली की कॅनमधलं तेच पाणी आत ओतलं जातं. क्षाराने अॅल्युमिनियमची जाळी कुरतडली जाते, आत खपली धरते. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनर कंप पावतो, त्याच्या पाठीवर सूक्ष्म फुगे फुटतात आणि भोकं पडत जातात. कूलंटमधली द्रव्यं लायनरवर थर धरून ती झीज अडवतात, नुसतं पाणी अडवत नाही. अडचणीच्या वेळी मिळेल ते पाणी ओता, गाडी घरी आणा, पण आल्यावर सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी सम प्रमाणात भरा. भरताना वरचे हवा काढायचे स्क्रू सैल ठेवा, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, पातळी पुन्हा बघा. आत अडकलेली हवासुद्धा पहिल्या दिवशी पाणी फेकायला लावते आणि चांगल्या दुरुस्तीवर नाहक संशय येतो.

पुढच्या आठवड्यात व्हिस्कस फॅन : तो पकडतोय की नुसता फिरतोय, हे कसं ओळखायचं.