घरकुलातील प्रकाश : बचतीबरोबर सोयही

नवे घर उभे राहत असताना दारे-खिडक्यांची जागा, ओट्याची उंची, देवघराची दिशा यांविषयी कुटुंबात पुष्कळ विचारविनिमय होतो. दिव्यांच्या बाबतीत मात्र असे क्वचितच घडते. गिलाव्याच्या सुमारास वायरमन येतो, प्रत्येक खोलीच्या मध्यभागी एक दिवा आणि दाराशी एक बटण अशी जोडणी करून जातो. एकदा झालेली ही जोडणी पुढे वर्षानुवर्षे बदलत नाही. परिणामी गृहिणी स्वतःच्याच सावलीत भाकरी थापते आणि मुले स्वतःच्याच सावलीत वही उघडून बसतात. वीज खर्च होते, पण प्रकाश हवा तेथे पोहोचत नाही.

दिवे बदलले, जागा तीच राहिली

५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिव्यांचे वितरण झाले. विजेच्या बचतीच्या दृष्टीने ही मोठीच मजल होय. तारेचा जुना बल्ब विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवितो. त्याच्याकडून एका वॅटमागे जेमतेम १० ते १२ ल्युमेन प्रकाश मिळतो, तर चांगल्या एलईडी दिव्याकडून सुमारे १०० ल्युमेन मिळतो. वॅट हे विजेच्या वापराचे माप आहे आणि ल्युमेन हे प्रकाशाचे. म्हणून दिवा खरेदी करताना वेष्टनावरील दोन्ही आकडे आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल पाहणे इष्ट ठरते.

तथापि जुन्या होल्डरमध्ये नवा दिवा बसविल्याने निम्मेच काम होते. उरलेले निम्मे काम दिव्याची जागा ठरविण्याचे आहे.

जागेचे साधे गणित

एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला म्हणजे तेथील प्रकाशमान एक लक्स झाले, असे मानतात. भारतीय मानकांनुसार जिना आणि स्नानगृह यांसाठी १०० लक्स, स्वयंपाकघरासाठी २००, दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासासाठी ३००, तर शिवणकामासाठी ७०० लक्स प्रकाश सुचविलेला आहे.

तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद खोलीत ९ वॅटचा, ९०० ल्युमेनचा दिवा लावला असे समजू. सर्व प्रकाश जमिनीवर सारखा पसरला तरी १०० लक्सच मिळतील. प्रत्यक्षात निम्मा प्रकाश भिंती व छत शोषून घेतात. म्हणजे ५० लक्स उरले. साऱ्या खोलीत ३०० लक्स आणावयाचे तर असे सहा दिवे, म्हणजे ५४ वॅट लागतील. परंतु अभ्यासाच्या जागेजवळ छत्री असलेला ७ वॅटचा एकच दिवा हाच प्रकाश वहीवर सहज पाडतो, कारण दिव्याचे अंतर निम्मे झाले की प्रकाश सुमारे चौपट होतो. सर्वत्र मंद आणि कामापुरता प्रखर प्रकाश, हेच नियोजनाचे सूत्र होय.

प्रत्येक जागेची गरज

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणखालील घरकुलाचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाच्या जागेसह, २५ चौरस मीटर आहे. एवढ्या लहान घरातही पुढील व्यवस्था करता येते.

बाहेरची खोली हीच बहुधा बैठकीची, अभ्यासाची आणि झोपण्याचीही जागा असते. तेथे ९ वॅटचा सर्वसाधारण दिवा आणि अभ्यासाच्या कोपऱ्यात ७ वॅटचा स्वतंत्र दिवा असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलासाठी तो डाव्या बाजूस ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. झोपण्यापूर्वी निळसर पांढऱ्या प्रखर प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाश बरा. शिलाई यंत्र असल्यास दिवा सुईजवळ हवा.

स्वयंपाकघरात खोलीच्या दिव्याखेरीज ओट्यासमोरच्या भिंतीवर किंवा फळीखाली ५ वॅटची छोटी पट्टी बसवावी. ती स्वयंपाक करणारीच्या पाठीमागे नव्हे, तर समोर असली पाहिजे. धान्यातील खडा, तेलाचा रंग, सुरीची धार हे सारे तेथे दिसावयाचे असते. धुराने काळवंडलेली भिंत प्रकाश गिळून टाकते. वर्षातून एकदा दिलेला चुना आणि महिन्यातून एकदा पुसलेला दिवा यांनी विनाखर्च प्रकाश वाढतो.

न्हाणीघर आणि ओसरी यांना प्रत्येकी ५ वॅटचा दिवा पुरतो. न्हाणीघरातील दिवा पाण्याच्या तुषारांपासून दूर व बंदिस्त असावा, आणि बटण बाहेरच असावे. दिवसा तर सूर्यप्रकाशासारखा दुसरा दिवा नाही. कौलारू छपरात दोन काचेची कौले बसविली तरी अंधाऱ्या स्वयंपाकघराचे रूप पालटते.

महिन्याचा हिशेब

जुन्या पद्धतीच्या घरात बाहेरच्या खोलीत ६० वॅटचा बल्ब पाच तास, स्वयंपाकघरात ६० वॅटचा चार तास, ओसरीवर ४० वॅटचा चार तास व न्हाणीघरात ४० वॅटचा एक तास जळत असेल, तर महिन्याला सुमारे २२ युनिट वीज लागते. वरील नियोजनात चारांऐवजी सहा दिवे आहेत. अभ्यासाचा दिवा व ओट्यावरची पट्टी प्रत्येकी तीन तास आणि इतर दिवे पूर्वीइतकेच तास लावले तरी महिन्याचा वापर सव्वाचार युनिटांच्या आसपास राहतो. दिवे वाढले, प्रकाश योग्य जागी आला आणि तरीही वीज एक-पंचमांशाहून कमी लागली.

रात्रभर जळणाऱ्या ‘झिरो’च्या जुन्या दिव्याविषयीचा समजही येथे तपासून पाहण्याजोगा आहे. नाव झिरो असले तरी तारेचा असा दिवा सुमारे १५ वॅट वीज घेतो. दहा तासांच्या हिशेबाने तो महिन्याला साडेचार युनिट खातो, म्हणजे वरील सहा दिव्यांच्या एकत्रित वापराहूनही अधिक. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा तेच काम करतो.

योग्य वेळ गिलाव्यापूर्वीची

या नियोजनासाठी लागतात ते दोन जादा पॉइंट आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र बटण. भिंत उघडी असताना हा खर्च अल्प असतो. गिलावा झाल्यावर भिंत फोडावी लागते. म्हणून घरकुलाच्या कामाची पाहणी करताना ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी लाभार्थ्याला ओटा कोठे आणि मुलांच्या अभ्यासाची जागा कोणती, हे दोन प्रश्न विचारावेत. वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घेण्याचा आग्रहही धरावा. शिक्षकांना वरच्या वर्गातील मुलांकडून आपापल्या घरातील दिव्यांचे वॅट, तास व युनिट यांचा तक्ता करून घेता येईल. गणिताचा हा पाठ घरच्या वीजबिलापर्यंत पोहोचेल, आणि ज्या वहीत तो सोडविला जाईल, त्या वहीवर पुरेसा प्रकाश पडतो की नाही, हेही त्यातूनच उमगेल.