‘अभिज्ञानशाकुंतला’तील प्रथमदर्शनी प्रेम : निरागसता आणि ओळख

प्रस्तावना

प्रथमदर्शनी जडणाऱ्या प्रेमाचे उदाहरण म्हणून कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या सात अंकी नाटकाचा उल्लेख नेहमी होतो. अध्यापनातही पहिल्या अंकाच्या रमणीयतेवर अधिक भर दिला जातो. शकुंतलेची निरागसता कालिदासाने कशी घडविली आणि तिचे मोल कोणाला द्यावे लागले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पहिल्या भेटीचे स्वरूप

सख्यांसह झाडांना पाणी घालणाऱ्या शकुंतलेला दुष्यंत वृक्षांआडून पाहतो आणि भुंग्याच्या त्रासाचे निमित्त साधून पुढे येतो. म्हणजे हे प्रथमदर्शन उभयतांना एकाच क्षणी घडत नाही. तो तिला न्याहाळतो तेव्हा तिला त्याची चाहूलही नसते. समोर आल्यावरही तो आपले राजेपण झाकून ठेवतो. त्याच्या अंतःपुरात राण्या आहेत. तिला मात्र तपोवनाला न साजेसा हा विकार मनात का उमटला, हेच उमगत नाही. पायात दर्भ रुतल्याचे आणि वल्कल फांदीत अडकल्याचे निमित्त करून ती रेंगाळते. प्रेम व्यक्त करण्याची एवढीच रीत तिला ठाऊक आहे.

महाभारतातील शकुंतला

आदिपर्वातील शकुंतला आपली जन्मकथा स्वतः सांगते आणि आपल्या पुत्राला राज्य मिळावे, अशी अट घालून मगच विवाहास संमती देते. कालिदासाने ही अट वगळली आणि जन्मकथा अनसूयेच्या तोंडी घातली. मूळ कथेत नसलेले शाप आणि अंगठी हे प्रसंगही त्याने योजिले. त्यामुळे नायिका अधिक निरागस झाली, परंतु तिच्या हाती ना वचन राहिले, ना साक्षीदार. उरली ती केवळ अंगठी. तीही हरवल्यावर पाचव्या अंकात भर दरबारात तिला स्वतःची ओळख पटविता येत नाही. तेथे कण्वशिष्य शार्ङ्गरव एकांतातील प्रेम पारखूनच करावे, असे सुनावतो. दोष विसरणाऱ्याचा असताना बोल तिलाही लागतो, ही बाब लक्षणीय आहे.

मराठी रंगभूमीचा संदर्भ

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला, तो पहिल्या चार अंकांचा. त्या प्रेक्षकांनी प्रेम आणि पाठवणी पाहिली. दरबारातील अव्हेर त्या प्रयोगात नव्हता. पहिल्या चार अंकांतच रमणारे आपले वाचनही असेच अपुरे राहते.

समारोप

सातव्या अंकात मारीचाश्रमात पश्चात्तापाने म्लान झालेल्या राजाला शकुंतला प्रथम ओळखत नाही आणि तो तिच्या पाया पडतो. येथे कोणीही लपून पाहत नाही. नाटकाच्या शीर्षकातील ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळखीची खूण. प्रथमदर्शन क्षणात घडते, ओळख पटण्यास मात्र सहा अंक जावे लागतात. म्हणून ‘शाकुंतल’ हे प्रथमदर्शनी प्रेमाच्या गौरवाइतकेच त्याच्या अपुरेपणाचेही नाटक आहे, असे म्हणता येईल.