वाक्याची लांबी, प्रसामान्य वितरण आणि यादृच्छिक नमुना

संशोधन पद्धतीच्या अभ्यासात संख्याशास्त्र आले की भाषा विषयाचे विद्यार्थी धास्तावतात. सूत्रे पाठ होतात, परंतु कोणते सूत्र कोठे लावावे हे उमगत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात उदाहरण भाषेतीलच घेतले आहे.

समजा, एका निबंधसंग्रहात ३,२०० वाक्ये आहेत. दर वाक्यात सरासरी १४ शब्द असून प्रमाण विचलन ८ आहे. (हे आकडे गणितापुरते गृहीत धरले आहेत.) त्यातून यादृच्छिक पद्धतीने ६४ वाक्ये निवडली, तर त्यांची सरासरी १६ शब्दांहून अधिक असण्याची संभाव्यता किती?

बहुतेक विद्यार्थी १६ मधून १४ वजा करून बाकीला ८ ने भागतात. झेड मूल्य ०.२५ येते, कोष्टकात ०.४०१३ सापडते आणि ‘४० टक्के’ असे उत्तर लिहून ते मोकळे होतात. पण हे उत्तर एका सुट्या वाक्याविषयीचे झाले. प्रश्न ६४ वाक्यांच्या सरासरीचा आहे. शिवाय एका वाक्याबाबतही ते भरवशाचे नाही. याच रीतीने शून्याहून कमी शब्दांची वाक्ये किती, असे विचारून पाहावे. झेड मूल्य उणे १.७५ आणि संभाव्यता ०.०४०१ येते, म्हणजे संग्रहातील सुमारे १२८ वाक्ये शून्याहूनही कमी शब्दांची! वाक्यांच्या लांबीचे वितरण प्रसामान्य नसते, हेच यातून दिसते. आखूड वाक्ये पुष्कळ आणि फार लांब वाक्ये थोडी, अशी त्याची शेपटी उजवीकडे लांबत जाते. सी. बी. विल्यम्स यांनी १९४० मध्ये इंग्रजी गद्याबाबत दाखवले की लांबीऐवजी तिचा लॉगॅरिदम घेतला, तर आलेख बराचसा घंटाकृती होतो.

मग मूळ प्रश्न सुटणार कसा? येथे केंद्रीय सीमा प्रमेय उपयोगी पडते. मूळ वितरण तिरपे असले तरी पुरेशा मोठ्या यादृच्छिक नमुन्यांच्या सरासऱ्या प्रसामान्य वितरणाच्या जवळ जातात, कारण एकाच नमुन्यात लांब आणि आखूड वाक्ये एकमेकांची भरपाई करतात. सरासरीचे विचलन मात्र ८ नसते. ८ ला ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ ने, भागले की १ येते. ही प्रमाण त्रुटी होय. आता झेड मूल्य २ आणि संभाव्यता ०.०२२८, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. कोठे ४० आणि कोठे सव्वादोन! (नमुना संग्रहाच्या २ टक्केच असल्याने मर्यादित समष्टीची दुरुस्ती येथे सोडून दिली आहे.) प्रमाण त्रुटी निम्मी करायची तर वाक्ये दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट म्हणजे २५६ घ्यावी लागतात. ‘३० चा नमुना पुरे’ हा वर्गात सांगितला जाणारा नियम ढोबळ आहे. वितरण जितके तिरपे तितका नमुना मोठा हवा.

ही केवळ आकडेमोड नव्हे. ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’ हा ग्रंथ थॉमस अ केम्पिसचा की जाँ गेर्सोंचा, या जुन्या वादात उडनी यूल यांनी १९३९ मध्ये वाक्यांची लांबी मोजून पाहिली आणि त्यांचा कौल केम्पिसच्या बाजूने पडला. एखाद्याच्या नावावर ग्रंथ राहतो की जातो, असा प्रश्न जेथे असतो तेथे ४० आणि सव्वादोन यांची गल्लत परवडत नाही.

एवढे करूनही नमुना यादृच्छिक नसेल तर सव्वादोन टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून लँडन यांचा विजय वर्तवला, आणि प्रचंड मतांनी निवडून आले रूझवेल्ट. आमचे विद्यार्थी पहिल्या निबंधातील सलग ६४ वाक्ये उचलतात, हा त्याचाच लहान अवतार. संवादात आखूड वाक्ये आणि वर्णनात लांब वाक्ये सलग येतात, त्यामुळे शेजारची वाक्ये परस्परांपासून स्वतंत्र नसतात.

निवडीची रीत सोपी आहे. वाक्यांना ०००१ ते ३२०० असे क्रमांक द्यावेत. टिपेट यांनी १९२७ मध्ये जनगणना अहवालांतील अंकांवरून १०,४०० चार अंकी यादृच्छिक संख्या प्रसिद्ध केल्या. असे कोष्टक घ्यावे किंवा संगणकाकडून संख्या काढून घ्याव्यात. ००००, ३२०० च्या पुढील आणि पुन्हा आलेल्या संख्या सोडून द्याव्यात व ६४ क्रमांक भरले की थांबावे. निवडलेले वाक्य गैरसोयीचे वाटले म्हणून शेजारचे घेऊ नये.