बनावट चित्रफितीचा माग

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या स्त्रीच्या देहावर बसविलेली चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. दिल्ली पोलिसांनी ती प्रसृत करणारी पाचशेहून अधिक खाती तपासली व जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातून एका तरुणास अटक केली. समाजमाध्यमावरील आपले अनुयायी वाढविण्यासाठी त्याने हे केले, असे पोलिसांचे म्हणणे होते.

असा माग कसा लागतो? चेहऱ्याच्या कडा, ओठ व आवाज यांचा मेळ, प्रकाशाची दिशा यांतील विसंगतींवरून चित्रफीत बनावट असल्याचे तज्ज्ञ ओळखतात. परंतु कर्ता कोण, हे त्यावरून उमगत नाही. त्यासाठी ती सर्वप्रथम टाकणारे खाते शोधावे लागते. त्या खात्याचा मोबाइल क्रमांक, आयपी पत्ता आणि वापराची वेळ यांवरून तपास व्यक्तीपर्यंत पोहोचतो.

चित्रफीत हातोहात पुढे जाताना तिच्यातील मूळ खुणा बहुधा पुसल्या जातात. म्हणून ती पुढे पाठवू नये. खात्याचे नाव, दुवा, दिनांक व वेळ टिपून, मूळ संदेश न पुसता पोलिसांकडे तक्रार करावी. न्यायालयात असा पुरावा मांडताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचे 'हॅश' मूल्य, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा, नमूद असतो. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी हा ठसा बदलतो.

बदनामी अभिनेत्रीची असो वा गावच्या शिक्षिकेची, सरपंच महिलेची. तपासाची वाट हीच आहे. ती मोकळी ठेवणे चित्रफीत प्रथम पाहणाऱ्याच्या हाती असते.