रतामाचं झुडूप आणि रनिंग रूम

गेल्या आठवड्यात अमेरिकन मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांच्या अहमदनगरच्या सेमिनरीत शिरायचं कबूल केलं होतं. पण १८७८ साली उघडलेल्या सेमिनरीला आणखी आठ दिवस थांबवता येईल; मनमाडहून आलेल्या पत्राला थांबवणं जमेना. पत्र लिहिणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले लोको पायलट. ‘ड्रायव्हरच म्हणा’, असं त्यांनीच लिहिलंय. स्थानिक मंडळीच्या पंचकमिटीत त्यांनी काही वर्षं काढली आहेत. त्यांचा प्रश्न दोन ओळींचा: पाळकसाहेबांची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी? आणि त्या दिवशी त्यांची गाडी कोण चालवतो?

पहिल्याचं उत्तर सोपं वाटतं, पण तसं नाही. रविवार हा मंडळीचा विसाव्याचा दिवस, म्हणजे पाळकाचा सगळ्यात जास्त राबण्याचा. सकाळची उपासना, मग संडे स्कूल, मग कुणाच्या घरी आजारी माणसासाठी प्रार्थना, संध्याकाळी तरुण संघ. बरेच पाळक सोमवार मोकळा ठेवायचा प्रयत्न करतात. पण मयत सोमवार बघून होत नाही.

दुसरा प्रश्न मात्र ड्रायव्हरलाच सुचावा असा आहे. रेल्वेत विश्रांती ही ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट नाही. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी करून मुख्यालयी परतलेल्या लोको पायलटला १६ तास विश्रांती द्यायची, असा नियम आहे. परगावी मुक्काम पडला तर त्याच्यासाठी रनिंग रूम असते: खाट, स्वयंपाकी आणि दिवसाढवळ्या अंधार करणारे पडदे. गाडी पुढे जाते, ती दुसऱ्याच्या हाती. आणि तो दुसरा आयत्या वेळी कुठून तरी पकडून आणलेला नसतो. नव्या मार्गावर स्वतंत्रपणे गाडी न्यायच्या आधी त्याने जाणत्या ड्रायव्हरबरोबर त्या मार्गावर दिवसाच्या आणि रात्रीच्याही फेऱ्या केलेल्या असतात. याला रोड लर्निंग म्हणतात. कुठला चढ दमवतो, कुठल्या वळणावर सिग्नल उशिरा दिसतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. फूटप्लेटवर शेजारी उभं राहून कळतं.

म्हणजे एकाची झोप दुसऱ्याच्या तयारीवर उभी असते. ज्याने कुणाला रस्ता दाखवला नाही, त्याला रनिंग रूम बांधून दिली तरी तिचा काय उपयोग?

ही गोष्ट शास्त्रातही आहे, पण उपदेशांत ती सहसा दोन तुकड्यांत येते. १ राजे, अध्याय १९. थकलेला संदेष्टा एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करायला नाही. तो भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. विश्रांतीवरचा उपदेश साधारण इथे संपतो. अलीशाच्या पाचारणावरचा उपदेश त्याच अध्यायाच्या शेवटी सुरू होतो: बैलांच्या बारा जोड्यांनी नांगरट चालली आहे, बाराव्या जोडीवर अलीशा आहे, आणि एलीया जाता जाता त्याच्या अंगावर आपला झगा टाकतो. झोप आणि वारसदार एकाच अध्यायात आहेत. मोशेचा सासरा इथ्रो यानेही मोशेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करताना पाहून नुसतं ‘दमशील’ म्हटलं नव्हतं. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगितलं होतं.

आता मराठी मुलखात येऊ, म्हणजे या लेखमालेच्या लाडक्या माणसाकडे. नियमित वाचक हसले असतील. कवी नारायण वामन टिळक पुन्हा आलेच!

टिळकांचं ख्रिस्ती आयुष्य रेल्वेच्या डब्यात सुरू झालं. १८९३ साली राजनांदगावला जाताना एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या, आणि त्याने त्यांच्या हातात नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका प्रवासापुरता मिळालेला हा गुरू. पुढे टिळकांनी स्वतः माणसं जोडली ती मात्र प्रवासापुरती नाही, थेट घरात आणून.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथे उभा राहिला आणि ‘बालकवी’ होऊन बाहेर पडला. टिळकांनी या मुलाला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. जळगावहून रेल्वेने नगरला जायचं तर मनमाडला गाडी बदलणं आलंच. दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तो १८७८ सालीच, ह्यूम यांच्या सेमिनरीच्या वर्षी. बालकवी टिळकांच्या घरी राहिले, जेवले, कविता लिहीत राहिले, आणि हिंदूच राहिले. शिष्य आपल्यासारखा व्हावा हा हट्ट टिळकांनी धरला नाही. फूटप्लेटवर शेजारी उभं करायचं, पण पुढे मार्ग त्याचा त्याला घेऊ द्यायचा, हे त्यांना साधलं होतं. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी.

विश्रांतीच्या बाबतीत मात्र टिळकांचा कित्ता गिरवू नये. त्यांच्या पत्नीचं, लक्ष्मीबाईंचं, ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हातात आलेला पैसा टिकत नसे, वाटेत भेटलेला माणूस घरी येई, ठरलेला बेत सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा. त्यांच्या उत्साहाची रनिंग रूम म्हणजे लक्ष्मीबाई. आणि लक्ष्मीबाईंसाठी दुसरी रनिंग रूम नव्हती. १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही तिथे बसू शकत. कल्पना मोठी होती, पण सगळा डोलारा एका माणसाच्या श्वासावर. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. दोन वर्षांत दुसरा ड्रायव्हर तयार झाला नव्हता. दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही.

गंमत अशी की त्यांचा खरा वारस दरबारात नव्हताच. तो चुलीपाशी होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला टिळकांनी अक्षरं शिकवली होती, ती अधूनमधून, जमेल तशी. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं, तेव्हा त्याच बायकोने ६४ अध्याय लिहून ते पुरं केलं. वर ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं ते निराळंच.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी याबाबत जास्त शिस्त दाखवली. मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्यांनी मुलींनाच खिळे जुळवायला आणि छापायला शिकवलं, आणि म्हणूनच त्यांनी भाषांतर केलेलं बायबल त्यांच्यामागे, १९२४ साली, छापून निघू शकलं. मुलगी मनोरमा हीही कामात मुरली होती. पण जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई. एकच वारस तयार करणं पुरत नाही, हे त्या नऊ महिन्यांत कळलं. छापखान्यात मात्र एकीच्या जागी दुसरी उभी राहू शकत होती.

तर मनमाडच्या पत्राचं उत्तर पंचकमिटीच्या पुढच्या बैठकीत शोधायला हवं. महिन्यातला एक रविवार ठरवा. उपदेश मंडळीतल्या कुणीतरी करायचा. पाळकसाहेबांनी महिनाभर आधी त्याच्याबरोबर बसून तो तयार करून घ्यायचा, आणि त्या रविवारी मागच्या बाकावर बायकोमुलांशेजारी बसायचं. पहिले दोन उपदेश फसतील. लांबतील, किंवा सात मिनिटांत आटपतील. तरी वेळापत्रक बदलू नका.

ह्यूमसाहेब पुढच्या आठवड्यात नक्की. दुष्काळ मध्ये आला नाही तर. कारण १९०० च्या दुष्काळाबद्दलही दोन पत्रं येऊन पडली आहेत.