आधी डिस्क, मग बायोस

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवायचं असतं. त्यासाठी यूईएफआय लागतं, एवढं कुठूनतरी कळलेलं असतं. मग बायोसमध्ये शिरून ‘लेगसी’ बदलून ‘यूईएफआय’ केलं जातं. पुढच्याच क्षणी काळ्या पडद्यावर निरोप येतो: बूट होईल अशी डिस्क सापडत नाही. घाबरून लोक डिस्क फॉरमॅट करून घेतात आणि वर्षानुवर्षांचे फोटो गमावतात. याचं फार वाईट वाटतं, कारण त्या क्षणी डिस्कवरचं काहीही गेलेलं नसतं. सेटिंग परत ‘लेगसी’ करा, कॉम्प्युटर पूर्वीसारखा सुरू होईल.

मग अडतं कुठे? ‘लेगसी’ म्हणजे १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेलं बायोस. ते डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचतं. त्यातले ४४६ बाइट सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रामला, आणि शेजारी फक्त ४ पार्टिशनांची नोंद. ही मांडणी म्हणजे एमबीआर. नोंदीतले आकडे ३२ बिटांचे, म्हणून साधारण २ टेराबाइटच्या पुढची जागा तिच्या हिशेबातच येत नाही. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयची रीत निराळी. ते जीपीटी नावाच्या नव्या मांडणीतलं एक छोटं, फॅट३२चं पार्टिशन शोधतं आणि त्यातली फाइल चालवतं. तुमच्या डिस्कवर ते पार्टिशनच नसेल, तर यूईएफआय उघडणार काय?

तेव्हा आधी पाहून घ्या. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाइप करा. ‘बायोस मोड’ समोर दिसेल. तिथे ‘लेगसी’ असेल तर पहिलं काम बॅकअप, आणि तोही वेगळ्या डिस्कवर. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. विंडोज १०च्या २०१७मधल्या आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन विंडोजमध्येच मिळतं. ते डेटा न पुसता मांडणी बदलतं, मात्र डिस्कवर ३पेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं नसावीत. त्यातली ‘व्हॅलिडेट’ ही तपासणी आधी चालवाच. ती डिस्कच्या मांडणीत काहीही बदलत नाही.

रूपांतर झाल्यावरच बायोसमध्ये जायचं. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर यूईएफआय केल्यावर पडदा कोराच राहू शकतो; अशा वेळी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचं सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्जची साठवण, रीसेट करावं लागतं. सिक्युअर बूट मात्र त्याच फेरीत लावू नका. विंडोज एकदा नीट सुरू झालेलं डोळ्यांनी पाहा, मग सिक्युअर बूट चालू करा.